स्वस्ताई कुणाच्या खिशातून?

आमच्याकडं एकाच गोष्टीला दोन नावं आहेत. बाजार समितीत कांदा तीन हजारांच्या वर गेला की गावात म्हणतात, 'भाव आला.' त्याच संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागते, 'कांदा महागला.' कांदा तोच, दिवस तोच. पण गावातल्या वाक्यात कुणाला तरी काही मिळालेलं असतं, आणि टीव्हीवरच्या वाक्यात कुणाचं तरी काही गेलेलं असतं. शेतकऱ्याच्या तोंडी तेल महागतं, खत महागतं, डिझेल महागतं, डॉक्टर महागतो. स्वतः पिकवलेलं मात्र कधी महागत नाही. त्याला भाव येतो.

निवडणूक जवळ आली की आमच्या पारावर एक वाद हमखास निघतो. एक जण म्हणतो, "मत देऊन कुठं महागाई कमी व्हती का? बाजार आहे तो. पाऊस पडला, नाही पडला, त्याच्यावर सगळं." दुसरा म्हणतो, "बाजार कसला? सरकारच्या मनात आलं तं रातीतून भाव पाडतील." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, घरची चार एकर कांद्याखाली ठेवली आणि चाळीस वर्षं हा वाद ऐकला. मला दुसऱ्याचं म्हणणं जास्त खरं वाटतं. आणि ते खरं आहे म्हणूनच त्याची जास्त काळजी वाटते. मतदाराला भाव हलवता येतो, ही गोष्ट आमच्या घराने दोन्ही अंगांनी पाहिलेली आहे.

माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण, लग्न होऊन मुंबईला गोरेगावला गेली. मालक कंपनीत कामाला, एका खोलीत सहा माणसं. 1972 च्या दुष्काळात इकडं आम्ही रोजगार हमीची खडी, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो पाहत होतो, तेव्हा तिकडं ती रॉकेलच्या रांगेत उभी होती. साखर नाही, तेल नाही, रवा सणाला सुद्धा नाही. त्याच साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एका झेंड्याखाली आल्या. त्यांच्या मोर्च्यात घरातल्या बाया हातात लाटणं घेऊन थाळी बडवत निघायच्या. आत्या त्यांत होती. कधी घराचा उंबरठा एकटीने न ओलांडलेली बाई, पण त्या मोर्च्याचं सांगताना म्हातारपणीही तिचा आवाज चढायचा. "मंत्र्याच्या दारात थाळ्या वाजवल्या आम्ही. बाहेर यावं लागलं त्याला."

आता ह्याचं दुसरं टोक पाहा. शहराला रेशन द्यायचं तर धान्य कुठून तरी आणावं लागतं. त्या काळात सरकार शेतकऱ्याकडून लेव्हीने ज्वारी घ्यायचं. ज्याची जेवढी जमीन तेवढी पोती घालायची आणि भाव सरकार सांगेल तो. दुष्काळ सरला, पीक आलं आणि बाहेर ज्वारीला चांगला पैसा मिळत असताना आजोबांना लेव्हीची पोती गाडीत घालावी लागली. मी सात-आठ वर्षांचा असेन. पोती भरताना आजोबा जे बोलले ते घरात म्हणीसारखं राहिलं. "लेक तिकडं थाळी वाजवती, अन् ताटातलं इथून जातंय."

म्हणजे आत्याने चूक केली का? मुळीच नाही. सहा माणसांच्या पोटाला जे लागतं ते तिने मागितलं. आजोबांनी तक्रार केली, तीही चूक नव्हती. लेव्हीच्या ज्वारीवर शहरातली आणि गावातलीही भूमिहीन माणसं जगली, हे विसरून चालणार नाही. पण ह्यातून मला जी गोष्ट दिसली ती अशी. मोर्च्याने धान्य पिकत नाही. थाळीच्या आवाजाने ज्वारी एका कणगीतून निघून दुसऱ्या डब्यात गेली. कुणाच्या कणगीतून निघाली, हे थाळी वाजवणारीला माहीत नव्हतं. ती कणगी तिच्या बापाची होती.

आणि थाळी वाजवणारी तरी कुठं सुटली? 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत जवळजवळ बारा डॉलरवर गेलं. ह्यावर ना गोरेगावच्या बायांचा इलाज होता, ना दिल्लीचा. मग 1974 साली सरकारने कायदा करून नोकरदारांचा वाढीव महागाई भत्ता अर्धा कापून सक्तीची ठेव म्हणून ठेवायला सुरुवात केली. लोकांच्या हातात पैसा कमी आला की भाव दबतील, हा हिशेब. पुढच्या वर्षी भाव उतरले. त्यात चांगल्या पावसाचाही वाटा होता. पण महागाई कमी करा म्हणून जी घरं रस्त्यावर आली, त्यांच्याच पगाराच्या पाकिटातून त्याची किंमत गेली. आत्या हे सांगताना हसायची. "आम्ही म्हटलं भाव कमी करा. त्यांनी आमचाच पगार कमी केला."

पुढची गोष्ट 1980 ची. जनता पक्षाचं सरकार आपापसांत भांडून पडलं होतं, पण जानेवारीच्या निवडणुकीत प्रचाराला कांदा सापडला. महागलेल्या कांद्याच्या माळा सभांमधून फिरल्या. इंदिरा गांधी मोठ्या बहुमताने परत आल्या आणि ती निवडणूक कांद्याची म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या नाशिक जिल्ह्यात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं ऊस-कांद्याचं आंदोलन झालं. लोक रस्त्यावर बसले, रुळांवर बसले, खेरवाडीला गोळीबार झाला आणि माणसं गेली. अण्णा रस्त्यावर बसलेल्यांत होते, नऊ दिवस आत राहून आले. मागणी काय? कांद्याला भाव द्या. एका वर्षाच्या आत त्याच कांद्यासाठी, आधी महाग झाला म्हणून आणि मग स्वस्त झाला म्हणून, देश दोनदा हलला.

बहीण स्वस्ताईसाठी मोर्च्यात आणि भाऊ भावासाठी तुरुंगात. दोघांचं एकमेकांवर जिवापाड प्रेम. दर दिवाळीला आत्या भाऊबिजेला यायची, पण हा विषय दोघं काढत नसत. तो निघाला एकदाच, 1998 च्या दिवाळीत. त्या वर्षी पावसाने कांद्याची नासाडी केली होती आणि शहरात किलोला चाळीस-पन्नास रुपये मोजावे लागत होते. महिनाभरात दिल्ली आणि राजस्थानच्या विधानसभेच्या निवडणुका होत्या आणि सगळीकडं कांद्याचीच चर्चा. आमच्या चाळीत उन्हाळ कांदा संपत आलेला. खालचा सडका भाग निवडून जो राहिला तो सात-आठ क्विंटल. आत्या जायला निघाली तेव्हा म्हणाली, "भाऊ, पाच-दहा किलो कांदे दे बांधून. तिकडं हात लावू देत नाहीत."

अण्णांनी गोणीभर कांदा निवडून तिच्यापुढं ठेवला. मग म्हणाले, "आक्का, तुला फुकट देतो. पाहिजे तं अजून एक गोणी देतो. पण तुझ्या गोरेगावाला स्वस्त देणार नाही."

आत्याचा चेहरा उतरला. "मी काय तुझ्या इरोधात लाटणं घेतलं व्हतं का? मला लेकरांना जेवू घालायचं व्हतं."

"मला बी तेच करायचं व्हतं, आक्का."

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी आई चुलीपुढून म्हणाली, "कांद्याच्या गोणीला छिद्रं आहेत, पिशवीत घाला, नाहीतं गाडीत सांडतील." तेवढ्यावर विषय संपला. त्या निवडणुकीत दिल्लीचं आणि राजस्थानचं अशी दोन्ही सरकारं गेली. त्यामागं एकटा कांदा नसेल, पण कांद्याशिवाय त्या निकालाची गोष्ट कुणी सांगत नाही.

अण्णांच्या त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला. फुकट देईन, पण स्वस्त देणार नाही. आधी ते मला हट्टाचं वाटलं. आता वाटतं, त्यात नीतीची एक बारीक रेघ आहे. बहिणीला गोणी दिली ती त्यांच्या हाताने. द्यायची की नाही, किती द्यायची, हे त्यांनी ठरवलं आणि घेणारीने देणाऱ्याचं तोंड पाहिलं. कायद्याने भाव पाडून जे त्यांच्याकडून जातं, त्यात त्यांचा हात नसतो. घेणाऱ्याला देणाऱ्याचं तोंडही दिसत नाही. ते दान नाही, विक्रीही धड नाही. तो कर आहे. फक्त त्याला कर म्हणत नाहीत आणि त्याची पावती कुणी फाडत नाही.

अलीकडचंच घ्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. डिसेंबरात निर्यातबंदीच आली. लोकसभेची निवडणूक समोर होती आणि शहरातला ग्राहक नाराज होऊ नये, हे उघड होतं. त्या हिवाळ्यात आमचा लाल कांदा निघत होता. बंदीच्या आधी आणि नंतर ज्यांनी लिलावात ट्रॉली उभी केली, त्यांना फरक विचारा. त्यातून खत, औषध, लागवडीची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात काय उरलं ते बायकोला सांगायची सुद्धा लाज वाटावी असं. मग 4 मे 2024 ला बंदी उठली. टनाला 550 डॉलर किमान भाव आणि 40 टक्के शुल्क ही बेडी मात्र राहिली. नाशिक आणि दिंडोरीत मतदान होतं 20 मे ला. दोन्ही जागांवर सत्तेतले उमेदवार पडले. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली तशी सप्टेंबरात किमान भावाची अट गेली, शुल्क निम्म्यावर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं.

म्हणजे मताने भाव हलतो. डोळ्यांनी पाहिलं. आमच्या मताने शुल्क काढलं, जसं शहराच्या मताने ते लावलं होतं.

पण गोष्ट इथं थांबत नाही. शुल्क गेलं आणि 2025 चा उन्हाळ कांदा तरीही मातीमोल गेला. कारण आम्ही दार बंद करून बसलो होतो तेव्हा गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं होतं. बांगलादेशासारख्या जुन्या गिऱ्हाइकाने स्वतःचं पीक वाढवलं, आमच्या मालाला दार लावलं. परदेशातला व्यापारी विचारतो, पुढच्या महिन्यात तुमचं सरकार पुन्हा बंदी घालणार नाही कशावरून? ह्याचं उत्तर कोणत्याच मतपेटीत नाही. मताने बंदी उठवता येते. गेलेला भरवसा मताने परत आणता येत नाही.

शहरी वाचकाला वाटेल, हा कांद्यापुरताच विषय आहे. मग पेट्रोलचं आठवा. कागदोपत्री पेट्रोलचा भाव 2010 पासून आणि डिझेलचा 2014 पासून बाजारावर सोडलेला. तरी 2021 च्या नोव्हेंबरपासून पुढं चार महिन्यांहून जास्त काळ तो भाव जागचा हलला नाही. जगात तेल भडकत होतं, इकडं उत्तर प्रदेशसह पाच राज्यांच्या निवडणुका चालू होत्या. 10 मार्च 2022 ला निकाल लागले आणि 22 मार्चपासून भाव रोज चढायला लागला. बाजारावर सोडलेली वस्तू निवडणुकीच्या काळात जागेवर कशी थांबली, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण थांबलेला भाव रद्द झालेला नसतो. तो उधारीवर असतो, आणि उधारी निकालानंतर वसूल होते.

इथं मला माझ्याच खिशाकडं बघावं लागतं. मी निवृत्त शिक्षक. मला पेन्शन आहे आणि पेन्शनवर महागाई भत्ता. निर्देशांक वाढला की भत्ता वाढतो. कधी थकतो, कधी उशिरा येतो, पण येतो. तो आपोआप आलेला नाही. नोकरदार संघटित आहेत, संप करू शकतात, निवडणुकीची कामं त्यांच्याच हातून होतात. म्हणून त्यांच्याभोवती महागाईचं कुंपण घातलेलं आहे. माझा धाकटा भाऊ निव्वळ शेती करतो. त्याला कुंपण नाही. त्याचा कांदा स्वस्त होतो तेव्हा मला फायदा, आणि महाग होतो तेव्हा माझा भत्ता वाढतो. एका आईची दोन लेकरं, एका बांधावर उभी. एकाला महागाई भत्ता देते, दुसऱ्याला ती वीत-वीत खाते. गावात 'मास्तरला काय, बसून मिळतंय' असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही.

आणि आम्हा दोघांच्याही पलीकडं एक बाई आहे. आमच्या वावरात कांदा लावायला येणारी टोळी तीच आणते. जमीन नाही, नोकरी नाही. तिच्याकडं विकायला फक्त हात आहेत आणि बाकी सगळं तिला विकत घ्यावं लागतं. लागवडीचं एकरावर ठरतं. दहा-बारा बाया दिवस उगवायच्या आत येतात, वाकूनच दिवस मावळतो. 2024 च्या दिवाळीनंतर, विधानसभेच्या प्रचाराच्या गाड्या फिरत होत्या तेव्हा, मी बांधावर चहा घेऊन गेलो. लाडक्या बहिणीचे दीड हजार तिच्या खात्यावर आले होते. मी विचारलं, "काय मावशी, यंदा कुणाला?"

ती रोपाची जुडी सोडवता सोडवता म्हणाली, "गुरुजी, कांद्याचा भाव पडला तं पुढल्या साली तुम्ही लागवड कमी करता, मला काम नाही. भाव चढला तं मला घरात कांदा नाही. दीड हजार आले ते तेलात अन् गॅसमधी गेले. आता मी कोणतं बटन दाबू ते तुम्हीच सांगा."

मी मास्तर. आयुष्यभर पोरांना उत्तरं सांगितली. ह्या प्रश्नाचं उत्तर देताना मात्र अडखळलो. पण विचार केल्यावर एवढं लक्षात आलं, की आपण सगळे, आत्या, अण्णा, मी, दिल्लीतला ग्राहक, एकच प्रश्न विचारत आलो. भाव वर की खाली? आणि ह्या बाईसाठी तो प्रश्नच चुकीचा आहे.

भाव वर-खाली करणं सरकारला सोपं जातं. एक अधिसूचना काढली की झालं. अर्थसंकल्पात एक रुपया धरावा लागत नाही. निर्यातबंदीचा खर्च सरकारच्या कोणत्याच वहीत नसतो, कारण तो कांदेवाल्याच्या वहीत असतो. म्हणूनच ती हत्यारं सारखी बाहेर निघतात. ह्याच्या उलट रेशनचं बघा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो ठरले आणि 2023 पासून ते धान्य फुकट झालं. त्यावर टीका होते, चोरी होते, गव्हात खडे निघतात. पण त्याचा खर्च उघड आहे. तो करातून जातो, म्हणजे माझ्यासारख्या पेन्शनरकडूनही जातो आणि मोठ्या कारखानदाराकडूनही. पंजाबच्या शेतकऱ्याला गव्हाचा भाव मिळतो आणि आमच्या टोळीतल्या बाईला गहूही मिळतो. स्वस्ताई गरिबाला द्यायची, पण ती सगळ्यांच्या खिशातून द्यायची, एका पिकवणाऱ्याच्या गळ्यावर पाय देऊन नाही. हा फरक आहे.

रोजगार हमीचंही तेच. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला लागलेल्या लोकांच्या रेट्यातून आणि वि. स. पागे यांच्यासारख्यांच्या चिकाटीतून महाराष्ट्रात कामाच्या हक्काचा कायदा झाला. 1979 पासून तो लागू झाला आणि 2005 साली देशाने तसाच कायदा केला. त्याने ज्वारीचा भाव पैशानेही कमी केला नाही. पण ज्याच्या हाताला काम आहे त्याला वाढलेल्या भावाची तेवढी भीती वाटत नाही. मतदारांनी आणि चळवळींनी महागाईवर मिळवलेला हा विजयच म्हटला पाहिजे, पण महागाईच्या यादीत त्याचं नाव कुणी घेत नाही.

आणि मधली वाट? रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये हिशेब मांडला, की ग्राहक कांद्यासाठी जो रुपया देतो त्यातले साधारण 36 पैसे शेतकऱ्याला मिळतात. टोमॅटोत 33. उरलेले पैसे वाटेत जातात. ते सगळे चोरीचे नाहीत. त्यात वाहतूक आहे, हमालाची मजुरी आहे, सडून गेलेला माल आहे, गाडीवर विकणाऱ्या गरीब माणसाचं पोट आहे. पण सडण्याचं काय? आमच्या चाळीत एप्रिलमध्ये भरलेला कांदा दिवाळीपर्यंत तिसरा हिस्सा तरी कमी होतो. पाणी उडतं, कोंब येतात, सडतो. जो सडला तो शेतकऱ्यालाही मिळाला नाही आणि आत्यालाही मिळाला नाही. चांगली चाळ, चांगली साठवण, वेळेवर खरं सांगणारे लागवडीचे आकडे, ह्यांतून निघणारी स्वस्ताई कुणाच्याच खिशातून जात नाही. पण ती यायला पाच-सात वर्षं लागतात आणि निवडणूक असते पुढच्या महिन्यात.

मला कुणी म्हणेल, गुरुजी, भुकेल्या माणसाला पाच वर्षं थांब म्हणणार का? नाही म्हणणार. आज चुलीवर तवा ठेवणाऱ्या बाईला आज कांदा पाहिजे. अडचणीच्या वेळी सरकारने साठवलेला माल बाजारात आणावा, साठेबाजी मोडावी, गरिबाला दुकानातून स्वस्त द्यावं. तो सरकारचा धर्मच आहे. पण त्याचा तोटा सरकारने सोसावा आणि तसं सांगावं. 'आम्ही महागाई आटोक्यात आणली' अशी जाहिरात लागते, तेव्हा तिच्याखाली बारीक अक्षरात 'कुणाच्या खर्चाने' हेही छापायला पाहिजे. ते छापत नाहीत, म्हणून ते विचारायचं काम मतदाराकडं येतं.

मतदाराची नीती म्हणतात ती मला इथं सापडते. मत हे मागण्याचं साधन आहे, त्यात काही गैर नाही. आत्याने मागितलं, अण्णांनी मागितलं, दोघांचा हक्क होता. पण जे आपल्याला स्वस्तात मिळतं ते कुणाकडून आलं, एवढं विचारायची जबाबदारी मागणाऱ्यावर असते. ही जबाबदारी फक्त शहरावर नाही. कांद्याला भाव मागणारे आम्ही, लागवडीची मजुरी शंभर रुपयांनी वाढवायची म्हटली की तोंड वाकडं करतो, आणि 'मजूर फार महागले' म्हणतो. पाहा, इथंही तोच शब्द. आमच्या कांद्याला भाव येतो आणि तिचे हात महागतात. टोळीतल्या बाया आपसांत म्हणत असतील, 'यंदा भाव आला.'

आत्या 2011 ला गेली, अण्णा तिच्यानंतर तीन वर्षांनी. शेवटच्या आजारात ती गावीच होती. एकदा अण्णा तिच्या उशाशी रेडिओवर बाजारभाव ऐकत बसले होते. कांदा आठशे सांगितला. आत्या डोळे मिटूनच म्हणाली, "लईच पडला रं." मुंबईत चाळीस वर्षं कांदा विकत घेतलेली बाई. आठशेला ती स्वस्त म्हणाली नाही, पडला म्हणाली.

टोळीवाल्या मावशीला मी त्या दिवशी बटन सांगितलं नाही. सांगायचंही नव्हतं. फक्त म्हटलं, "जो येईल त्याला कांद्याचा भाव इचारू नका, तो दोन्हीकडं दोन सांगेल. वर्षात किती दिवस काम देणार अन् किती मजुरी देणार, ते इचारा. अन् त्याचा पैसा कुठून आणणार, ते बी इचारा." तिने जुडी बाजूला ठेवली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "मंग गुरुजी, आधी तुम्हालाच इचारते. उद्यापासून एकरामागं हजार वाढवणार का?"

चहा गार होत होता. मी भावाला फोन लावला. बराच वेळ आमचं दोघांचं बोलणं झालं. शेवटी सहाशेवर तोड निघाली. ते पैसे आमच्या खिशातून गेले, आणि कुणाच्या खिशात गेले ते आम्हाला दिसत होतं.